श्रीमंतचं पथ्य

दसऱ्याच्या आसपास श्रीमंतच्या डाव्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. त्याच्या बायकोनं, पुष्पावतीनं, सुईनं काटा काढला, हळद भरली आणि दोघंही ते विसरून गेली. एरवी अशी जखम चार दिवसांत खपली धरायची. ही धरेना. दिवाळी सरली तरी अंगठा ओला तो ओलाच. संध्याकाळी चप्पल काढली की वास यायचा. श्रीमंतला मात्र काही दुखत नव्हतं, आणि पुष्पावतीला त्याचीच जास्त काळजी वाटत होती.

ऊसतोडीला निघायला आठ दिवस उरले तेव्हा ती त्याला तिसगावच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं अंगठा पाहिला, हाताच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि मशिनीवरचा आकडा दोघांना दाखवला. तीनशे चाळीस. शुगर आहे म्हणाला, आजची नाही, बरीच जुनी असणार.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता, घाईत होता. साखर, गूळ, भात, बटाटा बंद, भाकरी निम्म्यावर, गोळी सकाळी जेवणाआधी, आणि पायाला जपायचं, असं त्यानं एका दमात सांगितलं. मग खायचं काय, असं पुष्पावतीनं विचारल्यावर खणातून एक छापील कागद काढून तिच्या हातात दिला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आल्यावर बारावीतल्या लेकीनं, मोनिकानं, कागद वाचला. ओट्स, ब्राऊन ब्रेड, पाच बदाम, दोन अक्रोड, पनीर, ब्रोकोली, ऑलिव्हचं तेल. सगळ्यात शेवटी मोड आलेली कडधान्यं आणि पालेभाज्या. ब्रोकोली म्हणजे काय ते मोनिकानं मोबाईलवर काढून दाखवलं. श्रीमंतच्या आईनं, छबूबाईनं, मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि फ्लॉवरवर रोग पडलाय म्हणून परत दिला.

बाजाराच्या दिवशी पुष्पावती तो कागद घेऊन किराणा दुकानात गेली. ओट्सचा डबा होता. तिनं हातात घेऊन हलवून पाहिला. आत फार काही नव्हतं, आणि त्याची किंमत ऐकून तिनं तो जिथून उचलला होता तिथंच, तोंड पुढं करून, नीट ठेवला. बदाम विचारल्यावर दुकानदार म्हणाला, कुणी बाळंतीण आहे का घरात. ती नाही म्हणाली आणि बाहेर आली. मेथीच्या चार जुड्या घेऊन घरी गेली.

छबूबाई आणि मोनिकाला गावात ठेवून दोघं बैलजोडीसकट ट्रकमधून नेवाशाकडं गेली. कारखान्याच्या तळावर कालव्याच्या कडेला पन्नास-साठ कोप्या, बांबू-पाल्याच्या झोपड्या, पडल्या होत्या. यांच्या कोपीला लागून छगन आणि त्याची बायको लंकाबाई. ही दोघं त्यांच्याच गावची. मुकादम रामहरीही शेजारच्याच गावचा. दोघा नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. त्यातलं एक माणूस पडलं की कोयता अर्धा होतो, आणि अर्धा कोयता मुकादमाला नको असतो. म्हणून शुगरचं कुणाला सांगायचं नाही असं श्रीमंतनं ट्रकमध्येच बजावलं होतं. जखमेवर चिंधी आणि वर बूट घालून तो पहिल्या दिवशी फडात उतरला.

अंधारातच उठायचं. चहा पिऊन बैलं जुंपायची आणि दिवस उजाडायच्या आत फडात कोयता लावायचा. तो बुडातून ऊस छाटायचा, ती पाला साळून मोळ्या बांधायची. ऊन वर आलं की बांधावर बसून भाकरी. मग गाडी भरायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं, वर रचायची, उतरायचं. गाडी भरली की श्रीमंत ती कारखान्यावर न्यायचा आणि पुष्पावती वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन पायी तळावर यायची. या कामाला चहा साखरेचा लागायचा, दिवसातून चार वेळा, आणि भाकरी लागायची, एका वेळेला तीन. मधे जीव थकला की हातातलाच ऊस सोलून चघळायचा. कुणी मोजत नव्हतं.

पुष्पावतीनं आधी ऊस बंद केला, मग चहातली साखर. त्यानं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. भाकरीवर मात्र तो अडला. तीनच्या जागी दीड भाकरी आणि बाजूला मेथी पाहून त्यानं ताट पुढं सरकवलं.

"कोयता काय मेथीवर चालतुया व्हय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गाडी भरताना त्याचे पाय फळीवर थरथरतात हे तिनं दोनदा पाहिलं होतं. पोट भरेल आणि शुगर वाढणार नाही असं काहीतरी पाहिजे होतं, आणि ते या तळावर मिळालं पाहिजे होतं.

ते तिला बैलांच्या पोत्यात सापडलं. रोज संध्याकाळी बैलांसाठी हुलग्याचा भरडा भिजत घालायचं काम तिचंच होतं. एका संध्याकाळी घमेल्यात हात घालून भरडा कालवताना तिला माहेरची आठवण झाली. पाऊस नसलेल्या वर्षी तिची आई हुलग्याची शेंगोळी करायची आणि एक वाटी खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागायची नाही. कागदावर कडधान्यं होती. हुलगाही कडधान्यच. तिनं पोत्याच्या तळाशी हात घालून न भरडलेले अख्खे हुलगे वेचले, निवडले, भिजवले आणि फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेवले. दोन दिवसांत मोड आले. लसूण-मिरचीवर परतून तिनं उसळ केली. श्रीमंतनं दोन वाट्या खाल्ल्या आणि बरं लागतंय एवढंच म्हणाला.

मग तिची नजरच बदलली. फडात जाता-येता ती बांधाकडं बघू लागली. पाटाच्या ओलीला घोळीची भाजी होती, तांदुळजा होता. शेजारी एकाचा हरभरा होता. हरभऱ्याचे शेंडे खुडले की तो जास्त फुटतो, म्हणून मालक खुडायला नाही म्हणत नव्हता. कालव्यावर एक शेवगा होता, त्याच्या पाल्याला कुणी विचारत नव्हतं. लंकाबाईच्या चार कोंबड्या होत्या. वाढ्याचा भारा देऊन पुष्पावती तिच्याकडून दिवसाआड दोन अंडी घेऊ लागली. शेंगदाणे गावाहून आणलेले होते. ते भाजून मूठभर ती श्रीमंतच्या खिशात घालायची.

तळावर काही झाकून राहत नाही. बांधावर जेवायला बसल्यावर छगननं श्रीमंतच्या डब्यात डोकावून पाहिलं.

"का रं श्रीमंता, आज बैलं उपाशी ठिवली का?"

सगळे हसले. श्रीमंतही हसला. पण दुसऱ्या दिवसापासून तो जेवायला गाडीच्या पलीकडं, माणसांकडं पाठ करून बसू लागला. शेवटी शुगर असल्याचं रामहरीच्या कानावर गेलंच. तो मोटारसायकलवरून फडात आला, श्रीमंतच्या बुटाकडं बघत उभा राहिला आणि म्हणाला, जमत नसलं तर आत्ताच सांगा, मला दुसरी जोडी बघाय येईल. श्रीमंतनं खाली वाकून कोयता चालवणं थांबवलं नाही.

तीन आठवड्यांनी कारखान्याजवळच्या मेडिकलमध्ये त्यानं रक्त बघितलं. दोनशे तीस. पुष्पावतीला बरं वाटलं. त्याला नाही. त्याला वाटलं होतं एवढं गवत खाल्ल्यावर शुगर गेलीच असेल. त्यात गाडी खाली करायच्या रांगेत कुणीतरी त्याला एका माणसाची हकिकत सांगितली. अंगठ्यापासून सुरू झालं आणि पाय गुडघ्यापासून काढावा लागला. श्रीमंतनं कोपीवर येऊन ती हकिकत सांगितली नाही. त्यानं आपल्या मनानं ठरवून टाकलं. पुष्पावती सकाळी फडक्यात दीड भाकरी बांधून द्यायची, ती तो गाडीपलीकडं बसून बैलांपुढं टाकायचा. उसळही थोडीच खायची, नुसता पाला खायचा. गोळी मात्र रोज अंधारात उठल्याउठल्या, बिनसाखरेच्या चहाबरोबर. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी थंडी कडक होती. पाल्यावरच्या दवानं पुष्पावतीचे हात कोपरापर्यंत भिजले होते. श्रीमंत पुढं छाटत होता. तिच्या लक्षात आलं की तो ऊस बुडातून तोडत नाहीये, वीतभर वरून तोडतोय. तिनं हाक मारली. त्यानं मागं पाहिलं आणि ओळख नसल्यासारखा तो पुन्हा वळला. तेवढ्यात रामहरी बांधावरून खाली उतरला आणि बुडखा ठेवतोस का म्हणून त्याच्यावर ओरडला. श्रीमंत सरळ उभा राहिला आणि त्यानं मुकादमाला आईवरून शिवी दिली.

वीस वर्षांत त्यानं कुणाला अशी शिवी दिली नव्हती. रामहरी जवळ आला, त्यानं श्रीमंतच्या शर्टाला धरून त्याच्या तोंडाचा वास घेतला. सगळा फड बघत होता.

"सकाळीच ढोसलीस का?"

श्रीमंतनं उत्तर दिलं, पण शब्द एकमेकांत अडकले. कोयता हातातून गळाला. मग तो साळून टाकलेल्या पाचटावर बसला आणि बसल्याबसल्या एका कुशीवर कलला.

पुष्पावती पोहोचली तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि हात गार पडले होते. माणसं जमली. दारूचा वास नाही म्हणून रामहरीच म्हणाला. मग शुगर वाढली असं सगळ्यांचं एकमत झालं. गोड काही देऊ नका, कुणीतरी म्हणालं. लंकाबाई म्हणाली, त्याची गोळी दे अजून एक, वाढलेली खाली येईल. गोळ्यांचं पाकीट पुष्पावतीच्या कमरेला पिशवीत होतं. तिनं पिशवी सोडली, गोळी काढून हातात घेतली.

आठ दिवसांपूर्वी तळावर पोरांना डोस पाजायला सरकारी दवाखान्यातल्या नर्स सुरेखाताई आल्या होत्या. त्यांनी बायकांना आपला नंबर दिला होता. पुष्पावतीला काय वाटलं कोण जाणे, तिनं गोळी मुठीत धरली आणि दुसऱ्या हातानं मोबाईल काढला. बोटं ओली होती. नंबर लावायला दोनदा चुकली.

सुरेखाताईंनी आधी तिला हळू बोलायला सांगितलं. घाम आलाय का, विचारलं. गोळी कधी घेतली. त्यावर काय खाल्लं. पुष्पावती म्हणाली, चहा घेतला, बाकी जेवायची वेळ अजून झाली नाही.

"शुद्धीवर आहेत का? गिळता येतंय?"

पुष्पावतीनं त्याच्या गालावर थापट मारली, नाव घेऊन हाक मारली. श्रीमंतनं डोळे उघडले आणि ओठ चाटले.

"येतंय."

"मग ऐका. शुगर वाढली नाही, उतरलीय. गोळी अजिबात देऊ नका. गोड पाजा. काहीही, पण आत्ता."

साखर तळावर होती. इथं फडात गोड म्हणजे चारी बाजूंनी ऊसच. महिनाभर तिनं त्याला एक कांडं तोंडात घालू दिलं नव्हतं. तिनं फोन खाली ठेवला, त्याचाच कोयता उचलला, एक ऊस मधून तोडला, सोलला. बुडख्यावर ठेवून कोयत्याच्या पाठीनं ठेचला आणि ठेचलेलं कांडं दोन्ही हातांनी पिळलं. तोपर्यंत छगननं श्रीमंतला मागून धरून बसवलं होतं. लंकाबाईनं पाण्याच्या बाटलीचं झाकण पुढं केलं. रस झाकणात थोडाच पडला, बराचसा पुष्पावतीच्या मनगटांवरून ओघळला. पहिलं झाकण त्याच्या हनुवटीवरून गेलं. दुसरं त्यानं गिळलं. तिनं दुसरं कांडं ठेचलं, मग तिसरं. लंकाबाई पाजत राहिली. एका बाईनं पळत जाऊन तळावरून साखर आणली. ती पाण्यात कालवून दिली. अर्ध्या तांब्यानंतर श्रीमंतनं मान उचलून इकडंतिकडं पाहिलं आणि एवढी माणसं का जमलीत असं विचारलं.

पुष्पावतीच्या मुठीतली गोळी केव्हा पाचटात पडली ते तिला कळलं नव्हतं. ती शोधायला ती वाकली, आणि मग तिला वाकलेलं उठता येईना. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. लंकाबाईनं तिला बगलेत हात घालून उठवलं.

रामहरीनं मोटारसायकल चालू केली, श्रीमंतला मधे बसवलं, मागं पुष्पावतीला, आणि दोघांना सरकारी दवाखान्यात पोचवलं. केसपेपर काढायच्या रांगेतही तोच उभा राहिला. आईवरच्या शिवीचा विषय त्यानं तेव्हाही काढला नाही आणि नंतरही काढला नाही.

दवाखान्यात बाकड्यावर बसल्यावर श्रीमंतनं बैलांपुढं टाकलेल्या भाकरीचं सांगितलं. खाली मान घालून, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पाय कापलेल्या माणसाचंही सांगितलं. पुष्पावती ऐकून घेत होती. रागवावं असं तिच्या मनात होतं, पण बाकड्यावरून त्याचे पाय खाली लोंबत होते, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसती चिंधी, ते बघून तिनं वाकून चिंधी नीट गुंडाळली.

तिथल्या डॉक्टरनं गोळी निम्मी केली आणि अंधारातली बंद करून बांधावरच्या जेवणाला जोडली. जखम धुऊन पट्टी केली. सुरेखाताई चार दिवसांनी तळावर आल्या आणि थेट कोपीत शिरल्या. तिसगावचा छापील कागद पुष्पावतीनं त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो वाचला आणि घडी घालून परत दिला.

"हे नाही मिळालं तर काही अडत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं काय आहे ते दाखवा."

पुष्पावतीनं डबे उघडले. मोडाचे हुलगे, शेंगदाणे, डाळीचं पीठ, खुडून वाळवलेला हरभऱ्याचा पाला, टोपलीत दोन अंडी. बाई एकेक हातात घेऊन बघत होत्या. हे सगळं चांगलं आहे, त्यांनी सांगितलं, तिनं शोधलं ते बरोबरच शोधलं. चूक एवढीच की कष्टाच्या अंगाला भाकरी पूर्ण तोडून चालत नाही, आणि गोळी घेऊन पाच तास उपाशी राहायचं तर अजिबातच नाही. फडात जाण्याआधी एक भाकरी उसळीबरोबर खायची. बांधावर पुन्हा एक, तिच्या जोडीला पालेभाजी आणि अंडं, आणि गोळी तेव्हाच. संध्याकाळी अर्धी, पिठल्याशी. खिशात गुळाचा खडा ठेवायचा, पण तो हातपाय कापायला लागले तरच खायचा. श्रीमंत दाराशी बसून ऐकत होता. हुलग्याचं नाव निघालं तेव्हा लंकाबाईही येऊन उभी राहिली होती. दोन दिवसांनी ती वाटी घेऊन आली आणि हुलग्याला मोड कसे आणायचे ते विचारून गेली. छगनलाही पहाटे पायाला मुंग्या येत होत्या म्हणे.

पौष संपला तसा अंगठा कोरडा पडला. खपली धरली, पडली, खाली गुलाबी कातडं आलं. मशिनीवर एकशे साठ आलं. श्रीमंत पुन्हा सगळ्यांबरोबर बांधावर बसू लागला. रामहरीनं दुसऱ्या जोडीचा विषय सोडून दिला.

माघात सुरेखाताई तळावरच्या बायकांचं रक्त तपासायला आल्या. पुष्पावती रांगेत शेवटी उभी होती. तिला शुगर नव्हती. बाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली आणि दुसरा थेंब घेतला. रक्त सात, त्या म्हणाल्या. बाराच्या जागी सात. या अंगानं मोळ्या कशा उचलताय. चक्कर येते का, विचारलं. वाकून उठलं की येते थोडी, पुष्पावती म्हणाली, पण ती सगळ्याच बायकांना येते.

"जेवता काय तुम्ही?"

"घरात हाय तेच की. यास्नी करते तेच."

श्रीमंत बैलांना पाणी दाखवून येत होता. त्यानं ते ऐकलं. संध्याकाळी तो उसळ-भाकरी खाऊन उठला, पण नेहमीसारखा बैलांकडं गेला नाही. कोपीच्या तोंडाशीच उभा राहिला. पुष्पावतीनं चुलीशी आपलं ताट वाढून घेतलं. तीन भाकऱ्या, मीठ घातलेली मिरची. श्रीमंत आत आला, त्यानं उसळीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. पातेलं पुसून घेतल्यासारखं रिकामं होतं. दुसऱ्या पातेल्यात भाजीचं पाणी होतं. झाकण जागेवर ठेवून तो बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी बांधावर तिनं त्याच्यापुढं डबा सोडला. उसळ, घोळीची भाजी, भाकरी, उकडलेलं अंडं. आणि स्वतः पाचट गोळा करायला वळली. नेहमी ती तो खाऊन झाल्यावर बसायची. अर्धा ढीग गोळा झाला तरी डबा सरकवल्याचा आवाज आला नाही म्हणून तिनं मागं पाहिलं. श्रीमंतनं हात धुतले होते, पण जेवायला सुरुवात केली नव्हती. डब्याच्या झाकणात त्यानं उसळीचे दोन वाटे केले होते. अंडं कोयत्याच्या टोकानं चिरून त्याचेही दोन केले होते.

"अवं, खावा की. गोळीची येळ झाली," ती म्हणाली.

"तू बस आधी."

"मी खाईन मागनं."

"मग मी बी मागनं."

छगन, लंकाबाई, आणखी चार-पाच माणसं तिथंच बसलेली. पुष्पावतीला लाज वाटली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि पाचट टाकून आली. माणसांकडं पाठ करून बसावं असं तिला वाटलं, पण श्रीमंतनं झाकण आपल्यासमोर, मोकळ्या जागेत ठेवलं होतं. ती तिथं बसली. तिनं अंड्याचा अर्धा भाग उचलला, मीठ लावलं आणि खाल्ला. तिचा घास गिळून झाल्यावर त्यानं गोळी तोंडात टाकली.